हिरादखण : नाव एक, माल अनेक

हकीम मंडळी जिला दम्मुल अखवैन म्हणतात, ती गडद लाल राळ आपल्याकडे हिरादखण या नावाने विकली जाते. औषध, रंग आणि लाकडाचे पॉलिश हे तिचे जुने उपयोग. पण माल कोणत्या झाडाचा, हे घेणारा क्वचितच विचारतो.

जुन्या काळापासून नावाजलेली राळ येमेनच्या सोकोत्रा बेटावरची. ती देणारे ड्रासिना सिन्नाबारी हे झाड या एका बेटाखेरीज जगात कोठेही आपोआप उगवत नाही. वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखा त्याचा आकार. डोंगरावरच्या धुक्यातले पाणी त्याची पाने टिपून घेतात. साल चिरली की लाल चीक पाझरतो व वाळून त्याचे खडे होतात. झाड तोडावे लागत नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या बेटावरच्या झाडांच्या लाल थेंबांची नोंद आहे, आणि भडोचहून तेथे जाणाऱ्या जहाजांचीही. माल सोकोत्राचा, पण त्याला 'हिंदी' म्हणत. म्हणजे नावाचा घोटाळा दोन हजार वर्षांचा!

आज सुमात्रा-बोर्निओकडच्या वेताच्या फळांवरची लाल राळही याच नावाने खपते. ती टाकाऊ नाही, पण माल वेगळा. आम्ही कापडवाले आर्ट सिल्क आणि रेशीम एकाच दुकानात ठेवतो. दोन्हीला गिऱ्हाईक आहे. पण एकाचे नाव दुसऱ्याला लावले की तो धंदा राहत नाही, फसवणूक होते.

सोकोत्रातील मुद्दल मात्र घटत आहे. शेळ्या कोवळी रोपे खातात, त्यामुळे म्हातारी झाडे उभी आहेत आणि त्यांची जागा घेणारी तरणी झाडे फारच थोडी. नोव्हेंबर 2015 मध्ये चपाला आणि मेघ या दोन वादळांनी हजारो झाडे पाडली. 2008 पासून हे बेट जागतिक वारसा आहे. तरी झाड अतिशय सावकाश वाढते, तेव्हा आज कुंपण घालून जपलेल्या रोपाचा चीक पुढच्या पिढ्यांनाच मिळायचा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : घेताना झाड कोणते व देश कोणता हे विचारावे आणि तेच बिलावर लिहून घ्यावे. कारागिराचे काम वेताच्या राळेने भागत असेल, तर त्याने ती तिच्याच नावाने मागावी. व्यापाऱ्यानेही ती तिच्याच नावाने आणि तिच्याच भावाने विकावी.