चांदणी वाकडी का होते?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? मग सुरू करू.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीत फडके रोडवर, ठाण्यात राम मारुती रोडवर गर्दी होते. त्याआधीचे आठ-पंधरा दिवस आपल्या घरांत कागद, कात्री आणि फेव्हिकॉलचे असतात. कंदिलाला, तोरणाला लावायला आपण क्विलिंगची चांदणी करायला बसतो आणि पहिलीच वाकडी होते. मूल म्हणतं, "माझा हातच वळत नाही," आणि उठून जातं. तोरणं विकणाऱ्या ताईंचं तर नुकसानच होतं, कारण एक चांदणी तिरकी दिसली की गिऱ्हाईक अख्खं तोरण खाली ठेवतं. आमचं म्हणणं एवढंच, की दोष बहुधा हाताचा नसतो, मापाचा असतो.

क्विल म्हणजे पिसाचा दांडा. त्यावर कागदाची पट्टी गुंडाळत, म्हणून हे नाव. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या बायका ही कला करत. आज खाच असलेली सुई मिळते. ती नसली तर दातकोरणं चालतं.

आधी कागद बघू. कागदात तंतूंची एक दिशा असते. ए-फोर कागद हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. बहुतेक कागदांत लांब कडा एकमेकींकडे सहज येतात. तसं असेल तर पट्ट्या आखूड बाजूला समांतर कापायच्या, म्हणजे त्या न मोडता गुंडाळतात. ५ मिलिमीटर रुंदीच्या, २१० मिलिमीटर लांबीच्या ५९ पट्ट्या एका कागदातून निघतात.

आता पाकळ्या. पट्टी गुंडाळून सोडली की ती स्प्रिंगसारखी उलगडते. किती उलगडेल, ते दर वेळी वेगळं. चूक इथेच होते. म्हणून गुंडाळी बाटलीच्या झाकणात सोडायची, आणि सहाही पाकळ्यांना झाकण तेच वापरायचं. मग टोक चिकटवून दोन समोरासमोरच्या बाजू चिमटायच्या, की डोळ्यासारखी पाकळी तयार.

सहाच का? कंपासने वर्तुळ काढा आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा बसतात, ६० अंशांवर. पाच टोकांना ७२ अंश लागतात, तिथे कोनमापक हवा. नवशिक्याने सहापासून सुरुवात करावी. मधे एका पट्टीची घट्ट गुंडाळी, सहा फटींत अर्ध्या पट्टीचे सहा थेंब. हिशेब करा: ६ अधिक १ अधिक ३, म्हणजे दहा पट्ट्या. एका कागदात पाच चांदण्या, वर नऊ पट्ट्या शिल्लक.

शेवटचं, आपली खाडीकाठची दमट हवा. फेव्हिकॉल टिपक्याएवढाच घ्या. जास्त झाला की कागद फुगतो. थर्माकोलवर प्लॅस्टिक अंथरून, टाचण्यांनी पाकळ्या धरून चांदणी रात्रभर वाळू द्या. घाईने उचलली की मधूनच सुटते.

आणि वाकडी झालेली चांदणी टाकू नका. फूटपट्टीने तिच्या सहा पाकळ्या मोजा. कुठली मोठी झाली ते कळेल, आणि पुढची चांदणी सरळ येईल.

बरं, आता प्रश्न विचारा.