दोन रकान्यांची वही

माळ्यावरच्या ट्रंकेत ती वही अजून आहे. दोनशे पानी, प्रत्येक पानावर पट्टीने मधोमध रेघ मारलेली. डावीकडे समोरचा माणूस काय बोलला आणि मी काय बोलले, ते शब्दाला शब्द. उजवीकडे त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते. १९९८ साली पूर्व उपनगरातल्या एका पालिका रुग्णालयात मी विद्यार्थिनी म्हणून आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्कला जायचे. तिथल्या बोलण्याच्या अशा नोंदीला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणायचे. लिहायला तीन-तीन तास लागत आणि आम्ही सगळ्या त्याला कंटाळत असू.

पहिल्याच पानावर एक बाई आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून आलेली. ती म्हणाली, "जीव घाबरतो हो." मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला अँग्झायटी वाटते का?" ती म्हणाली, "नाही नाही, जीव घाबरतो." उजव्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं: तिला प्रश्न कळला नाही. आठवड्याच्या आय.सी.ला, म्हणजे एकेकटीला बसवून होणाऱ्या बैठकीत, माझ्या सुपरवायझर बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "अगं, कळलं नाही ते कुणाला?"

तो प्रश्न मला दोन वर्षं पुरला. इंग्रजीत शिकलेली सगळी लक्षणं एका पारड्यात, आणि छातीत धडधडणं, जीव वर-खाली होणं, मन न लागणं, डोकं भणभणणं हे दुसऱ्या पारड्यात, असं माझं शिक्षण सुरू झालं. मराठीत आपण कौन्सेलिंगच्या या विद्येला समुपदेशन म्हणतो, त्या शब्दाच्या पोटातच उपदेश बसला आहे. उपदेश करायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. तो तोंडावर कसा येतो आणि कसा गिळायचा, हे मात्र त्या वहीने शिकवलं.

विद्यार्थ्याला थेट वस्तीत, दवाखान्यात पाठवायची ही कल्पना आमच्याही आधी साठ वर्षं मुंबईत रुजली होती. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी भायखळ्याजवळ नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवत. १९३६ साली त्याच केंद्रात सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली. वर्ग वस्तीतच भरत होता, म्हणून शिकणं आणि करणं वेगळं काढायची वेळच आली नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. मुलं शाळेत का रमत नाहीत, अंथरूण का ओलं करतात, चोऱ्या का करतात, हे त्या काळी फारसं कुणी वैद्यकाच्या किंवा मानसशास्त्राच्या नजरेने पाहत नव्हतं. ते पाहण्याची जागा आणि ते शिकण्याची जागा इथे एकच झाली. पुढे हे केंद्र परळच्या वाडिया बालरुग्णालयात गेलं. शाळेचं नाव १९४४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली.

देवनारला येणं ही माझ्या मते या साऱ्या गोष्टीतली मोठी घटना आहे. एका बाजूला कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड, शहरातून उठवलेल्या माणसांच्या वसाहती, गोवंडीची गर्दी. ज्यांना ऐकून घेणारं कुणी नाही अशी माणसं हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या विद्यार्थ्यांना गरज शोधायला जावं लागलं नाही.

त्यातून जे उभं राहिलं ते पुस्तकात मावणारं नव्हतं. १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मार खाऊन आलेली बाई तक्रार लिहायच्या आधी कुणाशी तरी बोलू शकली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण ती पोलिसांच्या इमारतीत, खाकी वर्दीच्या शेजारी टेबल टाकून करायची, यात फार मोठं धैर्य होतं. १९९६ च्या जूनमध्ये जेरू बिलिमोरिया यांनी याच संस्थेतून चाइल्डलाइनचा प्रयोग सुरू केला. रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री फोन करता यावा म्हणून १०९८ हा नंबर, जो मुलं 'दस-नौ-आठ' असा उलट्या मोजणीसारखा पाठ करत. एका संस्थेतला प्रयोग पुढे देशभरची सेवा झाला. बाहेरून ही प्रकल्पांची नावं वाटतात. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र त्यातून कळत होतं की आपण ज्या टेबलाशी बसतो, तिथे खरंच कुणाला तरी आपली गरज आहे.

आमच्या रुग्णालयात तसं टेबलही नव्हतं. एक्स-रेच्या बाहेरच्या बाकावर, वॉर्डबॉयची ट्रॉली जाईल तेव्हा पाय आत घेत, मी बायकांशी बोलायचे. एकीने नवऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली आणि बाजूची म्हातारी मध्येच म्हणाली, "माझ्या सुनेचं पण असंच." ती बाई गप्प झाली, परत आली नाही. हे पान मी आजही उघडत नाही. त्यामुळे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर खोलीचा. रुग्णालयाच्या आतच, हिंसा सोसलेल्या बाईसाठी दार लावता येईल अशी खोली. पुढे उपनगरांतल्या इतर पालिका रुग्णालयांतही ही केंद्रं निघाली.

मराठीतून हे काम शिकायचं तर आमच्यासारख्या मुलुंडच्या मुली एक स्टेशन पुढे, ठाण्याला जात. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत स्वयंसेवक आणि व्यावसायिक एकत्र काम करताना दिसायचे. तिथलं मराठी भरल्या घरातलं होतं, अनुवादातलं नव्हतं. फोनवरून ऐकायचं कसं, हे मी तिथे येणाऱ्या मैत्रिणींकडून ऐकत आले.

फोनचं महत्त्व पुढे वाढतच गेलं. २०१२ मध्ये टाटा संस्थेने आयकॉल सुरू केलं, फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन देणारं. चेहरा दिसत नाही तेव्हा फक्त श्वास, थांबणं, मागचा आवाज यांवर काम करावं लागतं. ही तालीम २०२० मध्ये कामी आली. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि फील्डवर्कही. तोवर मी स्वतः विद्यार्थ्यांची सुपरवायझर झाले होते. माझ्या मुली भांडुपला, बोरिवलीला, अंधेरीला दीड खोलीच्या घरात अडकलेल्या. एक स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून, ओढणी तोंडावर घेऊन बोलायची. पलीकडची बाई गच्चीच्या जिन्यातून बोलायची आणि कुणी वर आलं की म्हणायची, "हो हो, भाजी मिळाली." माझ्या विद्यार्थिनीला ते आधी कळलं नाही. मग दोघींनी ठरवलं, 'भाजी' म्हणजे थांबायचं. असा संकेत कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. आय.सी. आम्ही रात्री दहानंतर फोनवर घ्यायचो, कारण त्याआधी त्या विद्यार्थिनीच्या घरात कुणी झोपत नसे.

त्या दीड वर्षात मला एक गोष्ट पक्की कळली. मुली दुःख ऐकून खचत नव्हत्या. ते ऐकल्यावर ते सांगायला कुणी नसलं की खचत होत्या. विद्यार्थ्याला काम द्यावंच, पण त्याच्या पाठीशी जाणतं माणूस उभं नसेल तर ते काम देणं हा अन्याय आहे. त्याच्यावरही, आणि समोर बसलेल्या माणसावरही. म्हणून पहिल्या भेटीत "मी अजून शिकतेय, माझ्या मॅडमशी मी याबद्दल बोलेन" असं सांगायची सक्ती मी कधी सैल केली नाही.

हे सांगायचं कारण, हल्ली मला वेगळंच ऐकू येतं. गेल्या वर्षी आलेल्या कांदिवलीच्या एका मुलीने इंटर्नशिपसाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरले होते. दोन आठवडे ऑनलाइन, कॅमेरा बंद करून ऐकायचं, शेवटी प्रमाणपत्र. एकाही माणसाशी ती बोलली नव्हती, तिने लिहिलेलं कुणी वाचलंही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण ती मनापासून शिकायला आली होती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी पुनर्वसन परिषदेचे नियम आहेत. समुपदेशकाला मात्र २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने कुठे यादीत जागा दिली. तोवर किती तास सराव, कुणाच्या देखरेखीखाली, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. आणि २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. नुसत्या अंधेरी ते बोरिवली एवढ्या पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजं मोजली तरी किती माणसं लागतील याची कल्पना येते. ती माणसं घडवायला तेवढ्या सुपरवायझर, तेवढी टेबलं, तेवढ्या दार लावता येणाऱ्या खोल्या हव्यात. मुलींची संख्या वाढली, याचा मला आनंदच आहे. त्यांची वही वाचणारे वाढायला हवेत.

त्या कांदिवलीच्या मुलीला मी वही आणायला सांगितली. तिने विचारलं, "मोबाइलवर टाइप केलं तर चालेल का?" मी नाही म्हटलं. माणसांची गुपितं आपण ट्रेनमध्ये विसरू अशा वस्तूत ठेवायची नाहीत, आणि वहीतही खरं नाव लिहायचं नाही. तिने स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी आणली, रेघा मारल्या. पहिल्या भेटीनंतर ती घेऊन आली तेव्हा डावा रकाना गच्च भरलेला होता. उजवीकडे एकच ओळ: 'मला तिथून उठून जावंसं वाटलं.'

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "बस. इथून सुरू करू."