गोलरक्षकाची विद्या

आपल्या घरांतील मुले मैदानावर फुटबॉल खेळू लागली की एक प्रसंग हमखास घडतो. ज्याला पळता येत नाही, जो उशिरा पोहोचला, किंवा ज्याचा चेंडू नाही, त्याला गोलात उभे केले जाते. पुढे त्यांतलाच एखादा मुलगा त्या जागेत रमतो, महाविद्यालयाच्या संघाचा गोलरक्षक होतो, तीन-चार वर्षे गुडघे फोडून घेतो आणि पदवी हाती पडताच त्याचे हातमोजे माळ्यावर जातात. त्याने अडविलेले चेंडू कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. सुटलेला एक मात्र मित्रमंडळी जन्मभर ऐकवितात. या मुलाजवळ जी विद्या साठलेली असते तिचे पुढे काय होते, याचा विचार आज आम्ही वाचकांसमोर मांडणार आहोत.

धार, देवास किंवा मोहनखेड्याशेजारचे राजगढ येथे राहणाऱ्या आपल्या माणसांना यासाठी दूर जावयास नको. इंदूरजवळचे महू आपल्याच माळव्यातले. शंकर लक्ष्मण हे तेथले. त्यांच्या खेळाची सुरुवात फुटबॉलने झाली; पुढे सैन्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत असताना ते हॉकीचे गोलरक्षक म्हणून नावारूपास आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल होऊ न देता सुवर्णपदक मिळविले, त्या संघात ते होते. १९६० साली रोममध्ये रौप्यपदक आणि १९६४ साली टोकियोत पाकिस्तानला १-० असे नमवून पुन्हा सुवर्णपदक. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारत विजयी झाला. गोलरक्षकाने भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व करावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. २००६ साली महूतच, आजारपण आणि आर्थिक ओढाताण सोसून, त्यांचा अंत झाला. वृत्तपत्रांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली, आम्हीही केली. परंतु ते हयात असताना, ‘आमच्या मुलाला चार गोष्टी शिकवा’ म्हणून आपल्यापैकी कितीजण त्यांच्या दारी गेलो? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो.

अशी कोणती विद्या ही? फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. पेनल्टीची जागा अवघ्या ११ मीटरांवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो. एवढ्या अवधीत केवळ डोळ्यांनी पाहून झेप घेणे कठीण. म्हणून मारणाऱ्याचा खांदा, टेकविलेला पाय, धावण्याची दिशा यांवरून आधीच अंदाज बांधावा लागतो. चालू खेळातही तसेच. समईसमोर हात धरून पाहावा. हात ज्योतीच्या जवळ नेला की भिंतीवरची सावली मोठी होते. एकट्याने चाल करून येणाऱ्या आघाडीवीरासमोर गोलरक्षक पुढे सरसावतो तो याच न्यायाने. तो जितका चेंडूजवळ जाईल, तितका अधिक गोल त्याच्या देहाआड झाकला जातो. मात्र एक पाऊल अधिक गेले तर चेंडू डोक्यावरून जातो. हे पाऊल पुस्तकातून शिकता येत नाही.

शिवाय सर्व खेळाडूंत त्यालाच सबंध मैदान समोर दिसत असते. बचावफळीत कोठे फट पडली, कोण दमला, कोणाला हाक मारून सावध करावयाचे, हे त्याचे अखंड काम. प्रशिक्षकाला याहून वेगळे काय करावे लागते?

या वाटेने गेलेल्यांत आपल्या जवळचे नाव म्हणजे गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर. १९५४ साली ताळगाव येथे जन्मलेले ब्रह्मानंद साळगावकर संघाकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले. गोव्याने संतोष करंडक १९८३ साली बंगालबरोबर विभागून आणि १९८४ साली एकट्याने जिंकला, तो काळ त्यांच्या ऐन भराचा. १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला, २०२२ साली पद्मश्री. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे खेळ थांबल्यानंतरचे काम. राष्ट्रीय संघातील गोलरक्षकांना त्यांनी शिकविले आणि पुढे गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्ष या नात्याने लहान मुलांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले. स्वतःची विद्या त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही.

साता समुद्रापलीकडचे एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील टोनी डिचिको हे स्प्रिंगफील्ड महाविद्यालयाचे गोलरक्षक. पुढे त्यांनी गोलरक्षकांसाठी शिबिरे चालविली, १९९१ च्या महिला विश्वचषकाच्या वेळी ते अमेरिकन संघाच्या गोलरक्षकांचे मार्गदर्शक होते आणि नंतर मुख्य प्रशिक्षक झाले. १९९६ साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. १९९९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चीनविरुद्ध नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर गोलशून्य राहिला आणि पेनल्टींवर गेला. त्यात गोलरक्षक ब्रियाना स्करी हिने अडविलेला एक फटका निर्णायक ठरला. गोलरक्षकाने घडविलेल्या संघाला एका गोलरक्षिकेने तारावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

अर्थात गोलात उभा राहिला म्हणून कोणी आपोआप शिक्षक होत नाही. त्याने खेळ मागून पाहिलेला असतो; चाल रचणे त्याला नव्याने शिकावे लागते. आपल्या जमान्यातली शिकवणही पुरत नाही. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास १९९२ साली मनाई झाली, तेव्हापासून गोलरक्षकाचे पायही तयार असावे लागतात. यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पायरीपायरीचे परवाना-अभ्यासक्रम आहेत. गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र शिक्षणही आहे. सर्वांत अवघड धडा मात्र कोणत्याही वर्गात मिळत नाही. स्वतः झेप घ्यावयाची नाही, दुसऱ्याची झेप चुकताना शांतपणे पाहावयाची, हे ज्याला साधले तोच शिकवू शकतो.

आपल्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ‘यातून पोट भरणार का?’ हा आईवडिलांचा प्रश्न रास्तच आहे. नोकरी त्याने अवश्य करावी. परंतु रविवारच्या सकाळी पाच-दहा पोरे गोळा करून, पडावे कसे, चेंडू छातीशी घ्यावा कसा, गोल झाल्यावर मान खाली न घालता उठावे कसे, हे शिकविण्यास नोकरी आड येत नाही. त्या पोरांत, केवळ पळता येत नाही म्हणून गोलात उभा केलेला एखादा असेलच. त्याची जागा ही शिक्षा नसून सन्मान आहे, हे त्याला सांगणारे कोणीतरी हवे. आणि ते अधिकाराने सांगू शकेल असा माणूस कदाचित आपल्याच घरात आहे. माळ्यावरचे हातमोजे एकदा खाली काढून उन्हात वाळवावेत, एवढीच आमची विनंती.