सुएझ आणि तळेगाव चौक

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस अडकले आणि जगभर हाकाटी झाली. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर रोजच अडकतात. त्याची ना दाद ना फिर्याद. १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाट जिंकला, चौक राहिला! युरोपला निघालेल्या मालाची खोटी पहिल्याच कोसावर होते. फेरी बुडते ती ट्रेलरचालकाची, झोपही त्याचीच. मला वाटते, कारखान्यांना जमिनी देताना आपण रस्त्याचा हिशेबच मांडला नाही. सुएझ आपल्या हाती नाही. हा चौक तर आहे ना?