बार्शीची पोरगी ऑलिंपिकला कशी पोचली?

आमच्या इंदापूर-बारामती पट्ट्यात पोराला खेळात घालायचं म्हटलं की आधी तालीम आठवते, मग कबड्डी आणि खो-खो. टेनिसचं नाव काढलं तर ‘ते पुण्यामुंबईच्या लोकांचं’ म्हणून विषय संपतो. इंदापुरात खेळाचा मास्तर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. हे वाक्य पालकांकडून ऐकून ऐकून माझं उत्तरही पाठ झालं आहे: प्रार्थना ठोंबरे बार्शीची आहे.

बार्शी म्हणजे आपल्यासारखंच तालुक्याचं गाव. तिथे १९९४ साली जन्मलेल्या या मुलीने २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झाच्या जोडीने महिला दुहेरीचं ब्राँझपदक मिळवलं. दोन वर्षांनी हीच जोडी रिओ ऑलिंपिकला गेली. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती. पेंग शुआई आणि झांग शुआई या चिनी जोडीने त्यांना पहिल्याच फेरीत हरवलं. पण त्यासाठी चिनी जोडीला तिसऱ्या सेटपर्यंत झुंजावं लागलं.

लोकांना हे पदक आणि ऑलिंपिक तेवढं दिसतं. मला त्याआधीची वर्षं सांगायची असतात, कारण पोरं गळतात ती तिथेच. टेनिसमध्ये सुरुवातीला सहसा कुणी नोकरी देत नाही, संघ पगार देत नाही. चौदा, सोळा, अठरा वर्षांखालच्या स्पर्धा संपल्या की खेळाडू आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहतो. प्रार्थना सुरुवात करत होती तेव्हा ही पायरी १०,००० डॉलरची होती, आता १५,०००ची आहे. हा आकडा ऐकून पालकांचे डोळे चमकतात. पण ती अख्ख्या स्पर्धेची रक्कम असते. एकेरीच्या ३२ जणी आणि दुहेरीच्या जोड्यांत ती वाटली जाते. १०,०००च्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात शंभर डॉलरच्या आसपास पडत. त्यात प्रवास, लॉज, जेवण आणि रॅकेटचं गटिंग भागवायचं. जोरात मारणाऱ्या मुलीचं गटिंग एका स्पर्धेत दोनदोनदा तुटतं.

शिवाय मानांकन नसलेल्यांना आधी पात्रता फेरी खेळावी लागते. तिथे हरलं की आठवडा सुरू होण्याआधीच बॅग भरायची. इथे दुहेरीचं मोल कळतं. एकेरीत लवकर हरलेली मुलगी दुहेरीसाठी त्याच गावात थांबते, त्याच तिकिटात आणखी सामने खेळते, चार पैसे आणि थोडे गुण मिळवते. प्रार्थनाने महासंघाच्या स्पर्धांतली पंचवीसहून जास्त विजेतेपदं दुहेरीत मिळवली आहेत. एकेरीतली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच. दुहेरी म्हणजे कमीपणा असं आपल्याकडे वाटतं. नेटजवळ हात चालणाऱ्या आणि जोडीदाराशी जमवून घेणाऱ्या मुलीसाठी तो सरळ रस्ता आहे.

घर सोडणं मात्र चुकत नाही. प्रार्थनाने पुढे हैदराबादला सानियाच्या अकादमीत सराव केला. परदेशातही तेच. रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप कॉन्स्टान्त्सा या समुद्रकाठच्या शहरातली. वडिलांचा दूध प्रक्रियेचा कारखाना. आमच्या दूधपट्ट्यात हे सांगितलं की लोक कान टवकारतात. तीही सोळाव्या वर्षी घर सोडून राजधानी बुखारेस्टला गेली. २००८ मध्ये फ्रेंच ओपनची मुलींची स्पर्धा तिने जिंकली. मोठ्यांची जिंकायला २०१८ उजाडलं. मधल्या दहा वर्षांचा खर्च आणि दम कुठून आणायचा, हा प्रश्न रुमानियातही असतो आणि बारामतीतही. भारताच्या ऋतुजा भोसलेने त्यावर वेगळी वाट काढली. अमेरिकेच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता ती कॉलेजचं टेनिस खेळली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली.

आज आपल्या भागाला एक फायदा आहे. सोलापुरात अलीकडे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, पुण्यात बालेवाडीलाही होतात, आणि आपण दोन्हींच्या मधोमध हायवेवर आहोत. एप्रिल २०२५ मध्ये देशोदेशीच्या महिला संघांच्या बिली जीन किंग कपचे सामने बालेवाडीत झाले, त्या भारतीय संघात तिशीची प्रार्थना होती. पहाटेची एसटी धरून सामना पाहायचा आणि रात्री घरी यायचं, हे इंदापूरच्या पोराला जमण्यासारखं आहे.

‘सर, पोरगी नॅशनल खेळेल का?’ असं कुणी विचारलं की मी तिचा फोरहँड नंतर बघतो. आधी विचारतो, दर शनिवार-रविवार तिला पुण्याला घेऊन कोण जाणार, आणि उसाचं बिल लांबलं तर त्या महिन्याची फी कुठून येणार?