काशीचे संशोधक आणि काळा आजार

काशीचे नाव निघाले की मराठी मनाला अहल्याबाईंनी उभारलेले विश्वेश्वराचे देऊळ आणि गंगेचे घाट आठवतात. त्याच नगरीच्या दक्षिण टोकाला बनारस हिंदू विश्वविद्यालय आहे. तेथील वैद्यकीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक डॉ. श्याम सुंदर यांनी आपली कारकीर्द प्रामुख्याने एका रोगाला वाहिली. तो रोग म्हणजे काळा आजार. आपले संशोधनकेंद्र मात्र त्यांनी उत्तर बिहारात, लिचीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुजफ्फरपूर येथे उभारले. कारण रोगी तेथे होते.

लिशमानिया नावाच्या सूक्ष्म परोपजीवीमुळे हा रोग होतो. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत राहणारी इवलीशी वाळूमाशी तो माणसामाणसांत पसरवते. विदर्भातील चांदीपुरा तापाच्या संदर्भात जिचे नाव आपण ऐकतो, तिच्याच कुळातील ही माशी. ताप महिनोन्महिने रेंगाळतो, पानथरी वाढून पोट पुढे येते, रक्त आटते, अंग काळवंडते. आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. 1922 साली कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी अँटिमनी या धातूपासून युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले व असंख्य प्राण वाचवले. पुढे हिवतापासाठी झालेल्या डी.डी.टी.च्या फवारणीने वाळूमाशीही मेली आणि रोग जणू नाहीसा झाला. फवारणी थंडावली, तसा 1970 नंतरच्या दशकात तो बिहारात परतला. 1992 या एका वर्षात देशात 77 हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले.

श्याम सुंदर यांच्यापुढील पहिले काम अप्रिय होते. ज्या औषधावर सर्वांची भिस्त, ते बिहारात चालेनासे झाले आहे, हे त्यांना आकड्यांनिशी दाखवावे लागले. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांना आढळले, की जेमतेम चौथा हिस्सा रोग्यांना नियमाप्रमाणे उपचार मिळाले होते. बाकीच्यांनी इंजेक्शने मध्येच सोडली होती किंवा अपुरी घेतली होती. 2000 सालच्या निबंधातील आकडे तर बोलके आहेत. अँटिमनीने पूर्व उत्तर प्रदेशात शंभरांपैकी 86 रोगी बरे झाले, बिहारात केवळ 35. भूजलातील आर्सेनिकनेही परोपजीवी निबर झाला असावा, अशी एक उपपत्ती पुढे मांडली गेली.

निदानाचीही तीच कथा. पूर्वी प्लीहेत सुई खुपसून रस काढावा लागे. रक्तस्राव झाला तर जिवावर बेतायचे. 1998 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी आर-के-39 ही पट्टी मुजफ्फरपुरात पारखून दाखवली. बरे झाल्यावरही ती दीर्घकाळ होकारच देते, हा तिचा दोष. तरीही खेड्यातील दवाखान्यात तिला तोड नव्हती.

मग औषधांच्या चाचण्या. मूळ कर्करोगासाठी शोधलेले मिल्टेफोसिन तोंडाने घेता येई. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने 94 टक्के रोगी बरे झाले. पण ते 28 दिवस घ्यायचे आणि गर्भाला अपाय करणारे. ज्या घरात तरुण सून आजारी, तेथे वैद्याने काय करावे? अँफोटेरिसिन गुणकारी होते, पण एक दिवसाआड पंधरा वेळा ते शिरेतून द्यावे लागे आणि रोगी महिनाभर खाटेवर. रोजावर जगणाऱ्या मजुराची महिन्याची मजुरी बुडणे म्हणजे सावकाराचे दार. माझ्या मते, औषधाच्या गुणाइतकाच रोग्याच्या दिवसांचा हिशेब मांडणे हा या संशोधनाचा खरा विशेष होय.

तोड निघाली ती परोपजीवीच्याच सवयीतून. तो दडतो शरीरातील भक्षक पेशींत. या पेशींना परके कण गिळण्याची खोड असते. म्हणून अँफोटेरिसिन चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेत सोडले, की त्या पेशीच ते गिळतात आणि औषध नेमके शत्रूच्या घरात पोचते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 304 रोग्यांना याची एकच मात्रा दिली गेली. सहा महिन्यांनंतर 95.7 टक्के बरे होते. पंधरा मात्रांच्या जुन्या पद्धतीत 96.3. एका रात्रीने महिन्याची बरोबरी केली होती. किंमत आड येत होती. 2011 साली उत्पादक कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत हे औषध विनामूल्य देण्याचे मान्य केले, आणि 2014 साली ती एक मात्रा भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

फवारणी, पट्टी आणि ही मात्रा यांच्या जोरावर देशातील वार्षिक रोगीसंख्या 2023 साली हजाराच्या खाली होती. श्रोतेहो, एक गाठ मात्र अद्याप सुटायची आहे. बरे झालेल्यांपैकी काहींच्या कातडीवर पुढे फिकट चट्टे उठतात. ते दुखत नाहीत, म्हणून कोणी वैद्याकडे जात नाही. पण वाळूमाशी त्यांतून परोपजीवी उचलते आणि शेजारच्या घरात नेते. त्यांवर बारा आठवडे मिल्टेफोसिन घ्यावे लागते, आणि मजुराला ते बारा आठवडे पुन्हा मोजावे लागतात.