तुर्कस्तानची उद्योगघराणी आणि ‘होल्डिंग’ची उतरंड

तुर्कस्तानात ‘होल्डिंग’ म्हणजे इतर कंपन्यांचे भाग धारण करून त्या बळावर त्यांचे संचालक आणि धोरण ठरवणारी शिरोभागीची कंपनी. अंकाऱ्यात किराणा दुकानापासून सुरुवात केलेल्या वेहबी कोच यांनी १९६३ साली देशातील अशी पहिली कंपनी स्थापन केली, तर अदानाच्या कापूस व्यापारातून वर आलेल्या साबांजी घराण्याने १९६७ मध्ये तीच वाट धरली. या रचनेत वारसांच्या वाट्याला कारखाने न येता होल्डिंगचे भाग येतात, त्यामुळे मालकी विभागली तरी कारभार एकसंध राहतो.

कोच होल्डिंगचे बहुतांश भाग घराण्याकडे आणि त्याच्या खासगी कंपन्यांकडे असून, उरलेल्यांतील काही कुटुंबाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आणि सुमारे एक चतुर्थांश इस्तंबूलच्या शेअर बाजारात आहेत. तिच्या छत्राखाली आर्चेलिक ही गृहोपयोगी यंत्रे बनवणारी कंपनी (मुंबईच्या व्होल्टासने भारतात ‘व्होल्टास बेको’साठी भागीदारी केली ती हिच्याशीच), तुप्राश हा तेलशुद्धीकरण उद्योग आणि यापी क्रेदी बँक येते, फोर्ड ओतोसानमध्ये मात्र कोच आणि अमेरिकेची फोर्ड यांचा वाटा समसमान आहे. दैनंदिन कारभार पगारी व्यवस्थापक पाहतात. अध्यक्षपद मात्र वेहबींकडून १९८४ मध्ये मुलगा रहमी, पुढे नातू मुस्तफा आणि २०१६ मध्ये मुस्तफांच्या निधनानंतर त्यांचे बंधू ओमेर यांच्याकडे, असे घरातच फिरत राहिले.

समूहाच्या हाती बँक असली, की ठेवीदारांचा पैसा मालकाच्याच इतर कंपन्यांना कर्जाऊ जाण्याचा धोका असतो, आणि २००१च्या आर्थिक संकटाच्या आसपास अनेक तुर्की बँका बुडाल्या त्यामागे हे एक कारण होते. भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाने पुढे मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक बंधनकारक केले. त्यांची निवड मात्र भागधारकांच्या सभेतच होते, आणि तिथे बहुमत बहुधा घराण्याचेच असते. त्यामुळे केवळ या तरतुदीवर विसंबता येत नाही.

जुलै २०१२ मध्ये अमलात आलेल्या व्यापारी कायद्याने ‘कंपनीसमूह’ ही संकल्पना प्रथमच सविस्तर मांडली, आणि तिचे मोल अधिक आहे. उपकंपनीच्या संचालकांना दर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ‘अवलंबित्व अहवाल’ तयार करावा लागतो. वरिष्ठ कंपनीच्या सांगण्यावरून कोणते व्यवहार केले वा टाळले, त्यांत तोटा झाला का आणि झाला असल्यास तो भरून निघाला का, हे त्यात नमूद करायचे असते. हा अहवाल संपूर्ण प्रसिद्ध होत नाही, त्याचा निष्कर्ष तेवढा वार्षिक अहवालात येतो, आणि लहान भागधारकाच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. तरीही समूहाच्या हितासाठी एखाद्या उपकंपनीचे नुकसान करून त्याच आर्थिक वर्षात त्याची भरपाई केली नाही किंवा तिला तसा हक्कही दिला नाही, तर त्या उपकंपनीचा कोणताही भागधारक होल्डिंगवर आणि तिच्या जबाबदार संचालकांवर कंपनीच्या भरपाईसाठी दावा लावू शकतो.